नर्सरीतलं मूल खेळतं तेव्हा काय शिकतं?

नर्सरीतून घरी आलेल्या मुलाला आमच्या बेळगाव भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आज काय लिहिलंस?’ मूल खुशीत सांगतं, ‘खेळलो.’ आणि आईचा चेहरा पडतो. फी भरली, गणवेश शिवला, रिक्षा लावली आणि पोरगं खेळून येतंय! शहापूर-वडगाव असो, यळ्ळूर-उचगाव असो की खानापूरकडची खेडी, तक्रार सगळीकडं एकच. त्यात शेजारचं तेवढंच मूल वहीभर ए-बी-सी-डी गिरवून आणतं, पाहुण्यांपुढं शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवतं. मग रात्री जेवणं झाली की पाटी-पेन्सिल घेऊन मुलाला बसवलं जातं. मूल रडतं, आई चिडते.

त्या आईची काळजी खोटी नाही. पुढं पहिलीत आपलं मूल मागं पडू नये, एवढंच तिला हवं असतं. पण तीन ते सहा या वयात वाचन आणि गणित यांचा पाया कशानं घातला जातो, हे तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं. तो पाया खेळात घातला जातो. मात्र त्या खेळात मोठ्या माणसाचा शब्द पडावा लागतो, आणि ही दुसरी अट बहुतेक जण विसरतात.

याचा एक चांगला पुरावा आहे. २०१३ मध्ये केली फिशर, कॅथी हर्ष-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना त्रिकोण, चौकोन असे आकार तीन तऱ्हांनी शिकवले. एका गटाला मोठ्या माणसानं आकार समजावून सांगितले आणि मुलं ऐकत राहिली. दुसऱ्या गटाला आकार हाती देऊन ‘खेळा’ म्हटलं. तिसऱ्या गटात मोठं माणूस मुलांबरोबर गुप्तहेर झालं: ‘या सगळ्यांत काय सारखं आहे, शोधूया?’ तिसरा गट सरस ठरला. निमुळता, तिरका, उलटा ठेवलेला त्रिकोणही त्या मुलांनी ओळखला आणि आठवड्यानंतरही ते त्यांच्या लक्षात होतं. नुसतं सांगणं कमी पडलं आणि नुसतं सोडून देणंही कमी पडलं. मोकळा खेळ मुलाला हवाच, तो त्याचा हक्क आहे. पण अक्षर-आकड्याचं काम व्हायचं असेल तर कुणीतरी जवळ बसून दोन नेमके प्रश्न विचारायला हवेत.

आकडे म्हणणं आणि मोजणं

वीसपर्यंत आकडे धडाधड म्हणणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलापुढं चिंचोक्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, ‘मला पाच दे.’ पुष्कळ मुलं मुठीत येतील तेवढे उचलून देतात. ‘हे पाच आहेत?’ विचारलं तर बिनधास्त ‘हो’ म्हणतात. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये हाच साधा प्रकार पद्धतशीर तपासला. मुलाला आधी ‘एक दे’ एवढंच कळतं. काही महिन्यांनी ‘दोन दे’ कळतं, मग ‘तीन’. आणि साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमाराला एकदम उमगतं की मोजताना शेवटी जो आकडा तोंडातून आला, तोच सगळ्या ढिगाचा आकडा. ही समज पाठांतरानं येत नाही.

मोजणं वरवर एकच काम दिसतं, पण त्यात बरंच काही दडलेलं आहे. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये ते सुटं करून दाखवलं. प्रत्येक चिंचोक्याला एक आणि एकच आकडा द्यायचा. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. शेवटचा आकडा म्हणजे एकूण. डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर बदलत नाही. आणि चिंचोके मोजता येतात तशा टाळ्याही मोजता येतात, अंगणातल्या कोंबड्याही. तीन-चार वर्षांच्या मुलाला यातलं काही येतं, काही डळमळीत असतं. वहीत एक ते शंभर लिहून घेतल्यानं यातली एकही गोष्ट पक्की होत नाही.

भातुकलीत मात्र होते. पाच बाहुल्यांची पंगत बसली आणि बोळकी चारच निघाली की मुलं आपणहून भांडायला लागतात. एक बाहुली उपाशी राहिली! प्रत्येकीला एक, कुणाला दोन नाहीत, कुणी राहायला नको, हा गणिताचा पहिला धडा त्या भांडणात आहे. बाईंनी तिथं धावत जाऊन पाचवं बोळकं देऊ नये. ‘किती कमी पडली गं?’ असं विचारावं.

खानापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीच्या ओसरीवर पाहिलेला प्रकार सांगते. एका मुलानं पाच चिंचोके लांबलांब मांडले होते. शेजारच्या मुलीनं सहा मांडले होते, पण अगदी खेटून. बाईंनी विचारलं, ‘कुणाकडं जास्ती हाईत?’ मुलगा म्हणाला, ‘माज्याकडं.’ ‘कशावरनं?’ ‘माजी रांग लांब हाय की.’ बाई चूक-बरोबर काहीच बोलल्या नाहीत. ‘बरं, तुजा एक आणि तिचा एक अशी जोडी लावून बघूया काय?’ जोड्या लागल्या, आणि मुलीचा एक चिंचोका एकटा उरला. मुलगा त्याच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं आपले पाचही परत दूर पसरले, परत जवळ आणले, परत पसरले. जागा जास्त व्यापली म्हणून संख्या वाढत नाही, हे तो स्वतः तपासत होता. लहान मुलं रांगेच्या लांबीला फसतात, हे ज्याँ पियाजे या स्विस अभ्यासकानं फार पूर्वी दाखवून दिलं आहे. बाईंनी पियाजे वाचला असेल-नसेल, ‘कशावरनं?’ हा प्रश्न त्यांना बरोबर सापडला होता. माझ्या मते नर्सरीच्या बाईंकडं असायला हवा असा सगळ्यात मोलाचा शब्द हाच.

आता घरात करता येईल असा एक खेळ. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या नर्सरीच्या मुलांबरोबर एक पट खेळून पाहिला. एका सरळ ओळीत दहा घरं, त्यांत एक ते दहा आकडे. चकती फिरवायची, एक किंवा दोन पडतील तेवढं पुढं जायचं आणि घरातला आकडा मोठ्यानं म्हणायचा. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, तेवढ्याही दोन आठवड्यांत. मुलांची आकड्यांची ओळख, मोजणी, लहान-मोठ्याची जाण, सगळं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून होतं. दुसऱ्या गटाला तोच पट दिला होता, पण आकड्यांऐवजी नुसते रंग. त्या मुलांत असा फरक पडला नाही. म्हणजे खेळातली मजा दोन्हीकडं सारखी होती, फरक आकड्यांनी आणि ते म्हणण्यानं पडला.

आपल्याकडं चौकाबारा आहेच, कवड्या नसतील तर चिंचोके फोडून खेळतात. चार कवड्यांतल्या किती उताण्या पडल्या हे एका नजरेत टिपणं हीसुद्धा एक गणिती ताकद आहे. तीनपर्यंतची संख्या लहान मूल न मोजता ओळखू शकतं आणि सरावानं ती ओळख पक्की होते. पण चौकाबाऱ्याची वाट वळत वळत आत जाते, लहानग्याला ती अवघड पडते. म्हणून आधी अंगणात खडूनं दहा घरांची सरळ ओळ काढा, त्यात आकडे लिहा आणि ठिकरी टाकून खेळा. एक बारकावा सांभाळा. मूल चारच्या घरात आहे आणि दोन पडले, तर पुढं जाताना ‘एक, दोन’ म्हणू नये, ‘पाच, सहा’ म्हणावं. बेरीज म्हणजे पुढं मोजणं, हे त्यातून आपोआप अंगवळणी पडतं. आणि तीन वर्षांखालचं भावंड जवळ असेल तर चिंचोके, गजगे उचलून ठेवा. हातात आलेलं ते पहिलं तोंडात घालतं.

दिवाळीतल्या किल्ल्याचंही इथं नाव घ्यायला हवं. बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात. मोठी मुलं बांधतात आणि लहानांना ‘जा पलीकडं’ म्हणून हाकलतात. त्यांना हाकलू नका. बुरूज गोल का, पायऱ्या किती, मावळा दरवाजाच्या आत की बाहेर, तोफ कुणाच्या मागं, कुठली भिंत उंच, ही सगळी जागेची भाषा आहे. ठोकळे रचणाऱ्या, बांधकाम खेळणाऱ्या मुलांशी अशा शब्दांत बोललं की पुढच्या भूमितीला त्याचा आधार होतो.

मराठी आकडे अवघड आहेत, हे मान्य करूया

‘बावीस’ म्हणताना मूल दोन आधी ऐकतं आणि वीस नंतर, लिहिताना मात्र उलटं. ‘एकोणतीस’ तर तीसातून एक वजा करून येतो. शंभरपर्यंतची नावं जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात. कन्नडमध्ये बावीस म्हणजे इप्पत्तेरडु, सरळ वीस-दोन. एकोणतीस म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस-नऊ. जसं लिहायचं तसंच म्हणायचं. आकड्यांची नावं अशी सरळ असली की लहान मुलं लवकर मोजायला शिकतात, हे केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकी मुलांची तुलना करून दाखवलं आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची बाजू शांतपणे मांडली होती.

सीमाभागातल्या मुलाला ही सोय कानावर फुकट मिळते. बाजारात, बसमध्ये तो दोन्ही भाषांतले आकडे ऐकत असतो. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून द्या. दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या म्हणजे सत्तावीस, वीस आणि सात, इप्पत्तेळु. तिन्ही म्हणू द्या, काही बिघडत नाही. नर्सरीत मात्र दहापर्यंत पुरे. एक ते दहा ज्याच्या खरंच मुठीत आले, त्याला शंभर गाठायला वेळ लागत नाही.

अक्षराच्या आधी आवाज

वाचायला डोळे लागतात हे खरं, पण वाचनाची सुरुवात कानात होते. लायनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ऑक्सफर्डमधून प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. चार-पाच वर्षांच्या चारशे मुलांना त्यांनी शब्दांतले सारखे आवाज ओळखायला लावले, कुठला शब्द यमकात बसत नाही असं विचारलं आणि काही वर्षांनी त्यांचं वाचन तपासलं. ज्यांचा कान तयार होता त्यांचं वाचन पुढं चांगलं निघालं. काही मुलांना आवाजांचे खेळ शिकवले. त्यांतही ज्यांना खेळाबरोबर प्लास्टिकची अक्षरं हाताळायला दिली, त्यांची प्रगती सगळ्यांत जास्त झाली. कान आणि हात दोन्ही.

आपल्या लिपीत अक्षर म्हणजे बहुतेक वेळा एक अख्खा उच्चार. म्हणून आपल्या मुलांना आधी शब्दाचे असे तुकडे कळतात आणि ‘क्’ सारखे सुटे आवाज पुष्कळ उशिरा. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांबाबत २००७ मध्ये हेच नोंदवलं. सगळी अक्षरचिन्हं पक्की व्हायला मुलांना तिसरी-चौथीपर्यंतही वेळ लागतो, असंही त्यांना दिसलं. कारण उघड आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरं. आपल्याकडं चौतीसेक व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर रूपं, आणि जोडाक्षरं वेगळीच. पाच वर्षांच्या मुलाला सगळी बाराखडी येत नाही म्हणून त्याला ढ ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

टाळ्यांपासून सुरू करा. र-ता-ळं, तीन टाळ्या. का-जू, दोन. नि-पा-णी, तीन. बोलण्यातले तुकडे आणि लिहिण्यातली अक्षरं जिथं जुळतात असे शब्द आधी घ्या. ‘बेळगाव’ मागं ठेवा, कारण बोलताना दोन टाळ्या पडतात, बेळ्-गाव, आणि लिहिताना अक्षरं चार. ‘खानापूर’ही तसाच, टाळ्या तीन, अक्षरं चार. मूल पुढं ‘बेळ्गाव्’ असं काही लिहील, तेव्हा त्यानं कान नीट वापरलाय हे ओळखा.

मग आवाजाचा डबा. आठवडाभर एका डब्यात ‘का’नं सुरू होणाऱ्या वस्तू टाकायच्या. काजू, कागद, काथ्या, कातर नको, तिचं चित्र चालेल. कांदा चालेल का यावर मुलं वाद घालतील. घालू द्या, ती आवाज कान देऊन ऐकताहेत. अक्षरं ओळखायला क-ख-ग पासूनच लागायचं असंही काही नाही. मुलाचं स्वतःचं नाव हे त्याच्यासाठी जगातलं सगळ्यात महत्त्वाचं लिखाण असतं, तिथून निघावं.

अक्षर बोटानं गिरवण्याची कल्पना मारिया माँटेसोरींची. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांची पहिली शाळा निघाली आणि खरखरीत कागदाची अक्षरं पुढं जगभर गेली. पण ते साहित्य महाग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा त्यांनी खडे, बिया, पानं, शिंपले घेऊन तेच काम करून दाखवलं. खानापुरात मातीला, जंगलातल्या बियांना काय तोटा! ताटात रांगोळी पसरली की गिरवायची पाटी तयार.

आणि पेन्सिल? मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती मऊ, लवचीक कूर्चा असतात, हळूहळू हाडं बनतात आणि शेवटचं हाड बनायला नऊ ते बारा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या हाताला पानभर गिरवायला लावलं की बोटं दुखतात आणि लिहिण्याची नावड बसते. भुईमुगाच्या शेंगा सोलणं, कणीक मळणं, फुलं ओवणं, ओला कपडा पिळणं, यांनी त्या हातात बळ येतं. ‘दुकान-दुकान’ खेळताना मूल कागदावर रेघोट्या ओढून ‘ही तुमची पावती’ म्हणतं, तेव्हा बोलणं कागदावर ठेवता येतं हे त्याला कळलेलं असतं. त्या पावतीला हसू नका. ‘वाचून दाखव की किती झाले’ म्हणा.

गोष्टींबद्दल थोडक्यात. चित्रांचं पुस्तक वाचताना नुसतं वाचत सुटू नये. ‘आता काय होईल?’, ‘तो का पळाला असेल?’ असं थांबून विचारावं. ज्या आजीला वाचता येत नाही तीही चित्र बघून हे करू शकते आणि पुष्कळदा आपल्यापेक्षा चांगलं करते.

तीन भाषांचं ओझं होतं का?

घरी मराठी, अंगणवाडीत कुठं मराठी तर कुठं कन्नड, आणि फी भरलेल्या नर्सरीत इंग्रजी. १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून भाषा हा इथं मोठ्यांच्या जिव्हारी लागणारा विषय आहे, त्यामुळं मुलाच्या भाषेचा विचार करताना आपले हात थरथरतात. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट सोपी आहे. ‘जास्त-कमी’, ‘आत-बाहेर’, ‘आधी-नंतर’ या कल्पना ज्या भाषेत तो विचार करतो त्याच भाषेत आधी रुजतात. एकदा रुजल्या की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शिकायचा उरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही किमान पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेत शिक्षण असावं असं म्हटलं आहे आणि तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. २०२२ च्या पायाभूत आराखड्यानं खेळ हीच त्या टप्प्याची रीत ठरवली. म्हणून आईबापांनी घरी तुटकं इंग्रजी बोलायचा अट्टहास सोडावा आणि भरपूर मराठी बोलावं. अंगणवाडीत कन्नड कानावर पडतंय तर आनंदानं पडू द्यावं.

कन्नड आणि मराठी लिपी दिसायला वेगळ्या, पण रचना एकच. तोच क-ख-ग-घ चा क्रम, तसंच व्यंजनाला स्वराचं चिन्ह. ‘क’ ला काना दिला की ‘का’ होतो ही युक्ती एका लिपीत समजली की दुसरीत पुन्हा समजावी लागत नाही. आकड्यांत मात्र घोटाळा होतो. आपल्या मुलांना देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन तऱ्हेचे आकडे दिसतात, आणि देवनागरी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो. मूल तिथं अडखळलं तर ते गोंधळलेलं नाही, त्यानं साम्य टिपलं आहे. एका वेळी एकच संच पक्का करा, शाळेत जो वापरतात तो.

कशाची काळजी करावी, हेही सांगायला हवं. साडेतीन-चार वर्षांचं मूल कुठल्याच भाषेत छोटी वाक्यं बोलत नसेल, हाक मारली तर वळत नसेल, इतर मुलांच्या खेळाकडं अजिबात फिरकत नसेल, किंवा चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघत असेल, तर ‘होईल आपोआप’ म्हणून थांबू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणं अपेक्षित आहे. कधी येणार ते बाईंना विचारून ठेवा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि जे दिसलं ते पथकाला स्वतः सांगा. खासगी नर्सरीत घातलेल्या मुलांच्या पालकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं.